राँग नंबर

डब्यांच्या ऑर्डरी मीच घ्यायचो.
आईचे हात कायम पिठात,
फोन फ्रिजवर, चार्जरला बांधलेला,
आणि मी सहावीपासून घरचा ऑपरेटर:
"हॅलो, गलांडे डबे, कोपरखैरणे, सेक्टर सात."
पलीकडून म्हणायचे, "ताई, उद्या भेंडी नको हं."
मी कधी दुरुस्त केलं नाही.
ताई असण्यात तसा काही तोटा नव्हता,
लोक पैसे वेळेवर द्यायचे.

आठवीतल्या दिवाळीनंतर
शब्दाच्या मधोमध काहीतरी सरकायला लागलं.
"गवार" म्हणायला गेलो
तर ग खाली राहिला
आणि वार उडाली थेट माळ्यापर्यंत.
महाप्याच्या कंपनीतला माणूस म्हणाला, "राँग नंबर,"
ठेवूनच दिला फोन.
त्या आठवड्यात तीन डबे सुटले.
आई म्हणाली, घसा धरलाय, हळद-दूध घे.
रोज रात्री घेत होतो, नाक दाबून.
घसा धरला नव्हता.
घशानं मला धरलं होतं.

बाकीचं सगळं गुपचूप होत गेलं.
पँट घोट्याच्या वर चढली,
काखेतून दुपारचा एक वास यायला लागला
जो आमच्या घरातला नव्हता,
वरच्या ओठावर काजळाचं बोट
कुणी पुसून गेल्यासारखं.
हे दार लावून, आरशात, एकट्यानं बघता येतं.
आवाजाला कडी नसते.

प्रार्थनेला मी नुसते ओठ हलवायचो.
सरांनी विज्ञानातला तो धडा
"घरी वाचा" म्हणत पलटला, तेव्हा
चाळीस जणांनी एकदम वह्यांत डोकी घातली.
तेजू माझी नक्कल करायची,
एकच "आई" दोन मजल्यांवर म्हणायची.
एकदा तिची कंपासपेटी भिंतीवर मारली मी.
कर्कटक वाकलं.
नऊ वर्षांची ती, रडलीही नाही,
माझ्याकडे बघत राहिली पाहुण्याकडे बघावं तशी.
रडलो मी, गच्चीवर, टाकीमागं,
खाडीकडून कुजकट वारा येत होता
आणि मला खरंच कळत नव्हतं
की मी कशासाठी रडतोय,
कंपासपेटीसाठी नक्कीच नाही.

फेब्रुवारीत, गुरुवारी असेल,
आई मोरीत भांडी घासत होती.
फोन वाजला. मी वहीत काहीतरी लिहीत होतो,
लक्ष नव्हतं, उचलला आणि म्हणालो,
"बोला."

मोरीत पातेलं पडलं.

आई दारात आली, कोपरापर्यंत फेस,
माझ्याकडे नाही, माझ्या मागं बघत होती,
जिथं खुंटीवर अण्णांचा आकडा अजून लटकतोय,
कांदा-बटाटा मार्केटात गोणी उचलायचा,
टोक गंजलेलं.
अण्णा असंच म्हणायचे.
"हॅलो कशाला? समोरच्याला काम असतं, त्याला बोलू द्यावं."
तीन वर्षं झाली.
त्यांचे फोटो आहेत, पासबुक आहे, युनियनचं कार्ड आहे,
आवाज तेवढा कुठंच राहिला नव्हता.
मलाही आठवत नव्हता, खरं सांगायचं तर.

फोनमधला माणूस हॅलो हॅलो करत होता.
आई म्हणाली, "परत म्हण."
मी म्हणालो.
या वेळी चिरकला, फुटक्या पिपाणीसारखा.
तिच्या तोंडून हसूच फुटलं,
मग फेसाचे हात तसेच डोळ्यांना लावले तिनं
आणि साबण झोंबला म्हणाली.
"त्यांना विचार, पोळ्या चार की पाच."

विचारलं.
"चार," तो म्हणाला. "आणि काका, भेंडी नको."
मी वहीत लिहून घेतलं.

त्या रात्री आईनं हळद-दूध केलं नाही.